जुन्या पिकअपला बाहेरचा सायलेन्सर बसवताना
जुन्या डिझेल पिकअपचा सायलेन्सर बऱ्याचदा आतून सडतो. जवळच्याच फेऱ्या असल्या की तो पुरता तापत नाही, आतलं पाणी उडत नाही. म्हणून साधा पत्रा टाळून ४०९ ग्रेडचा स्टेनलेस निवडला. ३०४ आणखी टिकतो, पण मालाच्या गाडीला तेवढा खर्च कशाला?

पाइपचा व्यास कॅलिपरने मोजून मूळचाच ठेवला. टर्बो (जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या इंजिनाला मोठ्या पाइपने ताकद फारशी येत नाही, आवाज मात्र वाढतो. तो मर्यादेबाहेर गेला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड बसू शकतो.

खरी गोम जाळीच्या लवचिक तुकड्यात आहे. तो गाळून सरळ पाइप वेल्ड केला, की इंजिनाचे हादरे थेट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या कडेवर येतात आणि तिथेच तडा जातो. हँगरचे (पाइप टांगायच्या कड्यांचे) रबर आणि सांध्यातलं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवेच घातले. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. नट सैल ठेवून पाइप टांगला, ब्रेकच्या नळ्या आणि चेसिसपासून इंचभर तरी अंतर राखलं, मग पुढून मागे आवळत गेलो. थंड इंजिन सुरू करून लगेच सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे येतील तिथे गळती. गाडी एकदा तापून गार झाली की नट पुन्हा आवळावेत.