साखर आहे, पण नत्र नाही: यीस्टचा वाढीचा निर्णय चार बाटल्यांत कसा पाहावा

साखरेच्या पाण्यात यीस्ट टाकून बाटलीच्या तोंडाला फुगा लावण्याचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो आणि फुगा फुगला की ‘यीस्ट वाढले’ अशी नोंद वहीत होते. ही नोंद चुकीची आहे, कारण फुगा किण्वन (साखर आंबवणे) दाखवतो, वाढ दाखवत नाही. नत्र (नायट्रोजन) नसले तरी यीस्ट काही तास साखर आंबवून वायू सोडत राहते, मात्र नव्या पेशी तयार करण्याचे काम ते थांबवते. हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर फुगा बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली कळ्या, म्हणजे जुन्या पेशीवर फुटणाऱ्या नव्या पेशी, मोजाव्या लागतात.

बेकरीसाठी मिळणारे कोरडे यीस्ट १ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर कोमट, उकळून निववलेल्या पाण्यात कालवावे. तासाभराने वरचे पाणी हलकेच ओतून टाकावे, पुन्हा तितकेच पाणी घालावे आणि ही धुण्याची क्रिया दोनदा करावी. कोरडे यीस्ट भिजताना त्यातून अमिनो आम्ले पाझरतात. ती तशीच राहिली, तर ‘नत्र नसलेली’ बाटली नावापुरतीच तशी उरते. कंटाळा येणारी पायरी हीच आहे आणि प्रयोग बहुधा इथेच फसतो.

चार बाटल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर द्रव भरावा. पहिलीत केवळ पाणी, दुसरीत पाणी व ४ ग्रॅम साखर, तिसरीत तुरीच्या डाळीचे मीठ-हळद न घालता उकळून गाळलेले पाणी व ४ ग्रॅम साखर, आणि चौथीत तेच डाळीचे पाणी साखरेविना. सर्व द्रव उकळून निवल्यावर धुतलेले यीस्ट नीट ढवळून प्रत्येकीत १० मिलिलिटर घालावे व तोंडाला कापसाचा बोळा लावावा. यीस्ट यापेक्षा जास्त घातले, तर पेशींची गर्दी होऊन अन्न लवकर संपते. रावेर-यावलकडच्या शिक्षकांना साखरेऐवजी पिकलेले केळे कुस्करून घालण्याचा मोह होईल, पण केळ्यातून साखरेबरोबर नत्रही येते आणि सालीवरचे रानटी यीस्टही, त्यामुळे ते टाळावे. चौथ्या बाटलीतही थोडी साखर असतेच, कारण डाळीत ती मुळातच असते. तिचे निकाल वाचताना हे ध्यानात ठेवावे.

तापमान ३० अंशांच्या आसपास हवे. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे जाते व यीस्ट ताणाखाली येते. म्हणून हा प्रयोग दिवाळीच्या आगेमागे करावा, नाहीतर बाटल्या माठातले पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवाव्यात.

सुरुवातीला आणि नंतर दर दोन तासांनी बाटली हलवून एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, त्यात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा विरळ थेंब मिसळावा आणि ४०० पट वर्धनाखाली २०० पेशी मोजाव्यात. निळ्या झालेल्या पेशी मृत असतात, त्या सोडून द्याव्यात. मूळ पेशीला चिकटलेली कळी वेगळी न धरता ती जोडी एकच पेशी मानावी आणि कळीधारी पेशींची टक्केवारी काढावी. तिसऱ्या बाटलीत ही टक्केवारी चढत जाऊन निम्म्याहून अधिक होते. दुसरीत प्रारंभी साठ्यातल्या नत्रावर काही कळ्या येतात, नंतर पेशी कळीविना थांबतात.

या थांबण्यामागे निरनिराळे संदेशमार्ग, म्हणजे अन्नाची खबर पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळ्या, आहेत. ग्लुकोजची चाहूल पेशीच्या आवरणावरील जीपीआर१ हा ग्राही (खूण ओळखणारे प्रथिन) आणि आतले रास प्रथिन घेते. त्यातून चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो व पीकेए हे विकर जागे होऊन ताणाला तोंड देणारी जनुके दाबून ठेवते. साध्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यीस्ट स्वतःच इन्व्हर्टेज या विकराने करून घेते, त्यामुळे दुसऱ्या बाटलीत हा मार्ग चालू असतो. परंतु अमिनो आम्ले व नत्र यांचा हिशेब टॉर-१ हा प्रथिनसंच ठेवतो. तो रिक्तिकेच्या (पेशीतील साठवण व पचनाच्या पिशवीच्या) पटलावर बसलेला असून नत्र पुरेसे असेल तरच एससीएच९ या विकरामार्फत रायबोसोम (प्रथिने जुळवणारे पेशीतले कण) व प्रथिने बनवण्याची मुभा देतो. नत्र संपले की तो निष्क्रिय होतो, पेशी स्वतःचेच जुने घटक रिक्तिकेत पचवू लागते आणि डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच्या टप्प्यावर विसावते. म्हणूनच दुसऱ्या बाटलीत पुढे नव्या कळ्या येत नाहीत. ग्लुकोज संपले तर तिसरे विकर, एसएनएफ१, कामाला लागते व इतर अन्न वापरण्याची जनुके उघडते.

टॉर हे नाव (‘टार्गेट ऑफ रापामायसिन’, म्हणजे रापामायसिनचे लक्ष्य) रापामायसिन या औषधावरून आले. ते रापा नुई बेटाच्या मातीतील जीवाणूपासून मिळाले होते आणि त्याला दाद न देणाऱ्या यीस्टच्या अभ्यासातून १९९१ मध्ये बासेल येथे हाइटमन, मोव्वा व हॉल यांनी ही जनुके शोधली.

नत्र मिळताच कळ्या परततात का, हे पाहण्यासाठी सायंकाळी दुसऱ्या बाटलीतला निम्मा द्रव वेगळ्या बाटलीत काढून त्यात ५० मिलिलिटर डाळीचे पाणी घालावे, उरलेल्या निम्म्यात तितकेच साधे पाणी घालावे, आणि दोन-तीन तासांनी दोन्हींतील कळ्या पुन्हा मोजून टक्केवारी एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी लिहावी.