नवरा-बायको वेगळे व्हायला निघाले, तर राहत्या घराचं काय करायचं? सोलापूरकरांसाठी

आधी एक समजूत डोक्यातून काढा, की बाईनं घराबाहेर पाऊल टाकलं की घरावरचा हक्क गेला. तसं नसतंय. सासूनं बॅग दारात आणून ठेवली, नवऱ्यानं कुलूप बदललं, तुम्ही चार महिने माहेरी अक्कलकोटला जाऊन राहिलात, तरी राहण्याचा हक्क शाबूत असतो. आणि उलटी समजूत पण काढा, लग्न झालं म्हणून अर्धं घर आपोआप बायकोचं होत नाही, आपल्याकडे तसा कायदाच नाही. मालकी वेगळी, राहण्याचा हक्क वेगळा. या दोन गोष्टींची गल्लत झाली की बाई एकतर घाबरून गप्प बसते नाहीतर भलतीच मागणी घेऊन कोर्टात जाते आणि हातात काहीच पडत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

राहण्याचा हक्क येतो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातून, कलम १७. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, सगळ्यांना लागू. घर नवऱ्याच्या नावावर असू दे, भाड्याचं असू दे, सासऱ्याच्या नावावर असू दे, तुम्ही तिथं संसार केलाय तर ते कायद्याच्या भाषेत तुमचं सामाईक घर, म्हणजे मालकी नसली तरी राहण्याचा हक्क असलेलं घर. सासऱ्याच्या घराबद्दल पूर्वी सुप्रीम कोर्टाचा निकाल सुनेच्या विरोधात होता, पण ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात कोर्टानंच तो चुकीचा ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एस. वनिता निकालात सांगितलं की ज्येष्ठ नागरिक कायद्याचा अर्ज पुढं करून सुनेचा हा हक्क मारता येत नाही. पण म्हणून सून कायमची मालकीण झाली असं पण नाही, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना त्रास होत असेल तर कोर्ट दोन्ही बाजू बघतं आणि नवऱ्यानं दुसरीकडं सोय करावी असं सांगू शकतं. मला हे बरोबर वाटतं, आयुष्यभर मिलमध्ये राबून घर बांधलेल्या माणसाला पण शांततेत राहायचा हक्क आहेच की.

इथं बरेच जण विचारतात, मारहाण झाली नाही मग हा कायदा कसा लागणार? लागतो. हिंसाचार झालाय हे कोर्टाला पटावं लागतं हे खरं, पण घरात येऊ न देणं, घरखर्च बंद करणं, दागिने काढून घेणं, हा सगळा आर्थिक छळ आहे आणि कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

आता भांडण पेटतंय असं दिसायला लागलं की पहिलं काम कागदाचं. लाइट बिल, रेशन कार्ड, पत्ता असलेलं आधार, गॅसचं पुस्तक, पोरांच्या शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, सोन्याच्या पावत्या, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा आणि बहिणीला किंवा भावाला पाठवून ठेवा, कारण मोबाईलच काढून घेतला तर काय करणार. घराचे कागद कपाटात असतील तर त्यांचे पण फोटो. नसतील तर महापालिकेची टॅक्स पावती, मालमत्ता पत्रक, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघा, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये खरेदी कुणाच्या नावानं झाली ते सापडतं. कुंभारीच्या विडी कामगार घरकुलांत बऱ्याच घरांचे कागद बाईच्याच नावावर आहेत आणि तरी तिलाच "निघ माझ्या घरातून" ऐकावं लागतं, तेव्हा नाव कुणाचं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघाच.

रात्री बाहेर काढलं तर ११२ ला फोन करा, महिला हेल्पलाइन १८१ आहे. पोलीस म्हणतील घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या. तरी तक्रार लिहून द्या आणि त्याची प्रत मागा, एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) तर एनसी, तारीख पडते हे महत्त्वाचं. कुलूप स्वतः तोडू नका, बंद दाराचा व्हिडिओ काढा. मग संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, महिला व बालविकास विभागाचे असतात, ते घटनेचा रिपोर्ट तयार करतात आणि अर्जाला मदत करतात. त्यांच्या रिपोर्टशिवाय थेट मॅजिस्ट्रेटकडं अर्ज केला तरी चालतो, २०२२ च्या प्रभा त्यागी निकालानं ते पक्कं केलंय. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. हेल्पलाइन १५१००. आणि सासर पुण्याचं किंवा हैदराबादचं असलं आणि तुम्ही सध्या माहेरी सोलापुरात राहत असाल तर अर्ज इथंच करता येतो.

अर्जात काय मागायचं ते नीट लिहा, नुसता "न्याय मिळावा" लिहून उपयोग नाही. कलम १९ खाली मागता येतं की मला घरातून काढू नये, काढलं असेल तर परत राहू द्यावं, नवऱ्यानं घर विकू नये, गहाण टाकू नये, गरज असेल तर त्यानंच बाहेर राहावं, नाहीतर त्याच दर्जाचं दुसरं घर द्यावं किंवा भाडं द्यावं, आणि माझं स्त्रीधन परत करावं. सासू-नणंदेला मात्र घराबाहेर काढा अशी ऑर्डर मिळत नाही, बाईविरुद्ध ती देताच येत नाही. कलम २३ चा अंतरिम अर्ज सोबतच लावा, समोरचा हजर नसताना पण तात्पुरती ऑर्डर मिळू शकते. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणूनच तो अंतरिम अर्ज सोडू नका. घर विकायची कुणकुण असेल तर वकिलाकडून पेपरात जाहीर नोटीस द्या, घेणारा बिचकतो.

पुरुषांसाठी पण थोडं. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर कोर्टाच्या ऑर्डरशिवाय कुणीच कुणाला हाकलू शकत नाही. फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला पण पैसे तुम्ही भरलेत, तर बँक स्टेटमेंट जपून ठेवा, दिवाणी दावा करता येतो. आणि रागाच्या भरात हप्ते बंद करू नका. लोनवर दोघांच्या सह्या असतील तर घटस्फोट झाला तरी बँक दोघांनाही धरते, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) दोघांचाही बिघडतो, आणि शेवटी बँकेनं फ्लॅट ताब्यात घेतला की भांडायला पण काही उरत नाही.

समजुतीनं घटस्फोट घेताय तर घराचा विषय संमतीच्या अटींत लिहून घ्या, तोंडी "पोरं मोठी होईपर्यंत राहा" याला किंमत नाही, कारण घटस्फोट झाल्यावर राहण्याचा हक्क खूप कमजोर होतो. घर बायकोला द्यायचं ठरलंच असेल तर बक्षीसपत्र घटस्फोटाच्या आधीच नोंदवा, महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचा खर्च वेगळा, पण घटस्फोटानंतर ती कायद्यानं बायको राहत नाही आणि मग ही सवलत पण राहत नाही. लोन चालू असेल तर आधी बँकेची एनओसी.

मॅजिस्ट्रेटची ऑर्डर विरोधात गेली तर ३० दिवसांत सेशन कोर्टात अपील करता येतं, ती तारीख चुकवू नका. त्याच्या पुढं हायकोर्टात जायची वेळ आली तर आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं जातात.