कारखान्याचा हिशेब: महिना असा आखा

उद्यमनगरातल्या कारखान्याचं ऑफिस सांभाळताना मासिक तारखा आधी भिंतीवर लिहा: ७ टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून ठेवलेला कर (मार्चचा मात्र ३० एप्रिल); ११ जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं विवरण; १५ पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा; २० जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं एकूण जीएसटी विवरण आणि कराचा भरणा. तीन दिवस आधीचीच मुदत धरा, शेवटच्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते.

पुरवठादारांना फोन ८ तारखेलाच करा. त्यांनी ११ पर्यंत बिल चढवलं नाही, तर १४ च्या टूबीत (जीएसटीआर-२बी, पोर्टलवर तयार होणारी खरेदीच्या बिलांची यादी) ते दिसत नाही आणि त्या महिन्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं. सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो!

सकाळचा पहिला दीड तास फक्त नोंदींना द्या. मध्येच फोन घेतला की आकडा सुटतो, पान पुन्हा तपासावं लागतं. वसुलीचे फोन चारनंतर एकदमच करा. निघताना उद्याचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहून ठेवा.