रॉटवायलर घरी आणण्याआधी

पट्टा, भांडं, गादी ही खरेदी एका दुपारी उरकते. माणसांच्या तयारीला मात्र महिना धरा. आज्जी, लेकरं, सालगडी सगळ्यांना एकत्र बसवून तीनच शब्द पक्के करा : बस, थांब, सोड. एकानं ‘बस’ म्हणायचं अन् दुसऱ्यानं ‘सीट’, असं झालं की पिल्लू गोंधळतं. त्याला रोज दीड-दोन तास देणारं एक माणूस ठरवा. तसं कुणी नसेल तर हे कुत्रं आणू नका, एवढं स्पष्टच सांगतो.

मूळची ही जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची कुत्री. जनावरं हाकायची, गाडे ओढायची, त्यामुळं अंगानं ढकलणं त्यांच्या रक्तातच आहे. आमचा भैरू नऊ महिन्यांचा असताना लाडानं धावत आला आणि पाच वर्षांची पुतणी ओसरीवरून खाली पडली. चावला नाही, गुरगुरला नाही, नुसता खांदा लागला. नर ५० किलोच्या आसपास भरतो आणि त्याला जाणतेपण यायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून मोठं माणूस जवळ नसताना लहान लेकरू आणि कुत्रं एका जागी ठेवायचं नाही, हा नियम पिल्लू यायच्या आधीच घरात लागू करा. घरच्यांवर याचा फार जीव. पायाला रेलून बसतो, या खोलीतून त्या खोलीत मागं मागं येतो. परक्याशी लगेच सलगी करत नाही, आधी उभा राहून बघतो. त्याचं ते बघणं हीच राखण. “राखणीचं कुत्रं बांधूनच ठेवावं” असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दिवसभर साखळीला राहिलेलं कुत्रं चिडकं होतं, आणि चिडक्या कुत्र्याला घरचं-परकं उरत नाही.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आणल्यावर पुढचे सहा आठवडे सोन्याचे. दूधवाला, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेटवाला, ट्रॅक्टर, म्हशी, सगळं दाखवा; पण कडेवर घेऊन, कारण लसी पुऱ्या झालेल्या नसतात आणि पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग, या जातीला जास्त छळतो. लसीकरण १६ आठवड्यांपर्यंत चालतं, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. डॉक्टर आधीच गाठून ठेवा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

नुसत्या भाकरीवर हे अंग पोसत नाही, अंडी-मांसाचा खर्च धरा. जेवण दोनदा, आणि पळून आल्यावर लगेच नाही. पोट फुगून पीळ पडला तर काही तासांत जीव जातो. कांदा-लसणाचं कालवण, द्राक्षं, मनुके वर्ज्य. काळं अंग आणि आपला चाळिशीपारचा उन्हाळा, तेव्हा पत्र्याखाली न ठेवता लिंबाखाली जागा करा. फिरवणं पहाटेच.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात पन्नास माणसं जेवायला येतात. त्या दिवशी त्याला घरीच, आवडत्या माणसाजवळ ठेवा. पाडव्याला सालगडी बदलणार असेल तर नव्या माणसाला चार दिवस आधीपासून बोलवा, आपण शेजारी उभं राहा आणि त्याच्याच हातून कुत्र्याला जेवण द्या.