ठाणे-नवी मुंबईत स्वतःची ठेकेदारी सुरू करताना

दुसऱ्याच्या साइटवर मिस्त्री किंवा सुपरवायझर म्हणून आठ-दहा वर्षे काढलेल्या माणसाला काम येते; अंदाज काढणे आणि लिहून घेणे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते. माझ्या पाहण्यातले जे ठेकेदार बुडाले, ते हातात भरपूर काम असताना बुडाले.

कागदपत्रांचा भाग सोपा आहे. आधार आणि पॅनवर होणारी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. धंद्याचे चालू खाते वेगळे ठेवावे. वार्षिक उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते, आणि मालासकट काम घेतले असेल तर ही मर्यादा संपूर्ण बिलावर मोजली जाते. सोसायटी किंवा कंपनीने बिलातून 1 टक्का टीडीएस कापला, तर तो आयकर विवरणपत्रात मागून घ्यावा. अनेक जण हे पैसे तसेच सोडून देतात.

खरी मेहनत अंदाजपत्रकावर करावी. आतल्या 12 मिमी प्लास्टरला 1:4 मिश्रणात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) एका ब्रासला, म्हणजे 100 चौरस फुटांना, साधारण एक गोणी सिमेंट लागते. भिंत ओळंब्यात नसेल आणि जाडी 20 मिमीपर्यंत गेली, तर माल दीडपटीहून अधिक लागतो. म्हणून भाव सांगण्याआधी प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून पाहावा. वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींमध्ये खाडीच्या खाऱ्या हवेने सळया गंजून फुगतात आणि काँक्रीट सुटते. तिथे छताला हातोडीने हलके ठोकत जावे. बद्द आवाज आला तेथे नुसते प्लास्टर करून भागत नाही, आणि असे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय अंगावर घेऊ नये.

कोटेशनमध्ये फुटाचा भाव, मालाची कंपनी, खिडक्या-दरवाजांची वजावट कशी धरणार आणि डेब्रिज कोण उचलणार हे स्पष्ट लिहावे. डेब्रिज खाडीकाठच्या कांदळवनात टाकणे गुन्हा आहे, तेव्हा त्याच्या वाहतुकीचा खर्च आधीच धरावा. कळव्यात एका घरी मी न्हाणीघराच्या फरशा काढल्या तेव्हा आतली पाइपलाइन सडलेली निघाली. घरमालक म्हणाले, ‘करून टाका, नंतर बघू.’ मी ती बदलली आणि शेवटच्या बिलात ते पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून वाढीव कामाला घरमालकाची लेखी संमती, निदान मोबाइलवरच्या संदेशाने, आल्याशिवाय मी मिस्त्रीला हात लावू देत नाही.

पैसे टप्प्यांनी घ्यावेत: सुरुवातीला उचल, तोडफोड आणि प्लंबिंग झाल्यावर दुसरा हप्ता, फरशी बसल्यावर तिसरा, आणि शिल्लक ठेवलेली थोडी रक्कम ताबा देताना. एका साइटची उचल दुसऱ्या साइटच्या मजुरीला कधीही वापरू नये. असा खड्डा एकदा पडला की तो भरण्यासाठी माणूस तोट्यातली कामेही घेऊ लागतो.

नाक्यावरून आणलेल्या बिगाऱ्याची हजेरी आणि त्याने घेतलेली उचल त्याच दिवशी वहीत लिहावी आणि आठवड्याचा हिशोब ठरल्या दिवशी चुकता करावा. ज्या ठेकेदाराकडे पगार थकत नाही, त्याच्याकडे चांगला गवंडी टिकतो. हा धंद्यातील सर्वांत मोठा आधार आहे असे मी मानतो. वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर राबलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, त्यासाठी लागणारा दाखला त्याला विनातक्रार द्यावा. परांचीवर किंवा झुल्यावर माणूस चढवण्यापूर्वी अपघात विमा उतरवलेला असावा आणि पट्टा बांधलेला असावा, मग काम एकाच दिवसाचे का असेना.

बाहेरचे प्लास्टर आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग मेअखेर संपेल असेच घ्यावे. त्यासाठी सोसायट्यांच्या कमिटीला जानेवारीतच भेटावे आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी घरातली कामे राखून ठेवावीत.