उभा मका मुरघासाला देताय? दर ठरवताना या चुका टाळा

ऑगस्टचा शेवट आला की मुरघासासाठी (हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद मुरवून केलेला चारा) गोठेवाल्यांचे फोन सुरू होतात, "दादा मका द्यायचाय का, गुंठ्याला काय घेणार?" आणि आपण काय करतो, शेजाऱ्याने जेवढ्याला दिला तो आकडा सांगून मोकळे होतो. पण त्याचा मका दाट होता का विरळ, कणीस भरलेलं होतं का, कुट्टी मशीन आणि ट्रॉली कुणाची होती, पैसे रोख मिळाले का अजून फिरतोय, हे काही विचारलेलं नसतं. घेणारा मात्र सीझनमध्ये दहा रानं बघून आलेला असतो, त्यामुळे अंदाजाच्या सौद्यात मार बहुतेक वेळा देणाऱ्यालाच बसतो.

पहिली चूक, गुंठ्यावर देताना गुंठे पण अंदाजे आणि माल पण अंदाजे

सातबाऱ्यावर एक एकर आहे म्हणजे ४० गुंठे मका उभा आहे असं नसतं. पोटखराबा (लागवडीत न येणारी जमीन), बांध, विहिरीची जागा, पाटाची पट्टी, झाडाच्या सावलीत खुरटलेला कोपरा हे सगळं त्यात धरलं जातं आणि मग मशीन फिरून गेल्यावर "एवढं नव्हतंच" म्हणून पैसे कापतात. मोबाईलवर चक्कर मारून उभ्या पिकाचं क्षेत्र मोजता येतं, दोघांनी मिळून मोजा आणि तोच आकडा धरा.

माल मोजायला पण फार काही लागत नाही. चार काठ्या, सुतळी आणि वजनकाटा घेऊन रानात जायचं, बांधापासून बरंच आत, १० बाय १० फुटाचा चौकोन आखायचा, त्यातली सगळी ताटं मशीन जेवढ्या उंचीवर कापणार तेवढ्याच उंचीवर कापायची आणि मोळी बांधून वजन करायची. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एका एकरात असे साधारण ४३५ चौकोन बसतात. मोळी ४० किलो भरली तर एकरी १७ टनाच्या वर माल आहे. हे चार-पाच ठिकाणी करा, आणि चांगली जागा शोधून करू नका, कारण एका ठिकाणी ४५ किलो येतं आणि पाणी साचलेल्या तुकड्यात २५ पण येत नाही, सरासरी काढली की खरं चित्र कळतं. आता गुंठ्याचा दर सांगितला तरी आपल्याला टनाला काय पडतंय ते माहीत असतं.

दुसरी चूक, टनावर दिला पण पाण्याचा हिशोब नाही

टनाचा दर सगळ्यात सरळ वाटतो, काटा केला आणि पैसे घेतले. पण मुरघासात जनावर जे खातं त्यातला कामाचा भाग म्हणजे सुका भाग, बाकी पाणी. मुरघासाच्या मक्यात सुका भाग ३० ते ३५ टक्के असताना कापणी व्हायला पाहिजे. हिरवागार, चिकातला (दाण्यात अजून दुधासारखा चीक असलेला) मका कापला तर तोच भाग २५ टक्क्यांच्या आसपास असतो. आता बघा, ३३ टक्केवाल्या मक्याला समजा २४०० रुपये टन ठरला, तर २५ टक्केवाल्याची त्याच हिशोबाने किंमत १८०० च्या आसपास होते, आणि वरून खड्ड्यातून पाणी गळतं, त्यात साखर वाहून जाते, मुरघासाला घाण वास येतो आणि तुमचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात जातं.

काही जण कापणीच्या आदल्या रात्री पाणी सोडतात, वजन वाढेल म्हणून. वजनात पडणारा फरक किरकोळ, आणि काळ्या रानात वाफसा (चिखल जाऊन रान कामाजोगं होणं) नसताना हार्वेस्टर अन ट्रॉली रुतल्यावर जेसीबी बोलवायचा खर्च कोण देणार यावर जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. आठ-दहा दिवस आधीच पाणी तोडा.

तपासायचं कसं? कणीस मधोमध मोडा, शेंड्याकडचा तुकडा हातात घ्या आणि मोडलेल्या बाजूचे दाणे बघा. दाण्याच्या वरच्या बाजूला पिवळा टणक भाग आणि खाली पांढरा चिकाचा भाग यांच्यामध्ये एक रेघ दिसते, ती अर्ध्यावर किंवा थोडी खाली उतरली की मका तयार. कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडली तर पाणी ठिबकता कामा नये, गोळा हळूहळू सुटला पाहिजे. कुणाकडे मायक्रोवेव्ह असेल तर अजून पक्कं काम होतं, १०० ग्रॅम कुट्टी थोडी थोडी तापवत, दर वेळी वजन करत, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायची (आत कोपऱ्यात ग्लासभर पाणी ठेवा नाहीतर कुट्टी पेटते), शेवटी ३३ ग्रॅम उरली तर सुका भाग ३३ टक्के. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये करणार असाल तर आधी घरात विचारून घ्या.

तिसरी चूक, दाण्याचा हिशोब अर्धाच मांडणं

"दाणा केला असता तर एवढे झाले असते" हे सगळेच म्हणतात, पण कागदावर कुणी मांडत नाही. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव २४०० रुपये क्विंटल होता, म्हणून २५ क्विंटलचे ६०,००० पकडू नका, आपल्या बाजार समितीत ओल्या मक्याला खरंच काय मिळतं ते धरा. समजा २००० मिळाले तर ५०,००० झाले, त्यातून कणसं मोडणी, मळणी, वाळवणं, गाडीभाडं असे समजा १०,००० गेले, चाऱ्याची किंमत ४,००० धरली, म्हणजे हातात ४४,०००. एकरी १७ टन मुरघासाचा मका असेल तर बांधावर टनाला साधारण २६०० मिळाले तरच बरोबरी. हे आकडे समजा म्हणून आहेत, तुमचे तुम्ही टाका.

यात दुसऱ्या बाजूने दोन गोष्टी येतात. मुरघासाचा मका दाण्याच्या मक्यापेक्षा तीन-चार आठवडे आधी रान सोडतो, एखाद-दुसरं पाणी वाचतं, आणि रांगड्या (उशिराच्या खरीप) कांद्याची लागण वेळेवर करता येत असेल तर बरोबरीपेक्षा १००-२०० कमी घेऊन दिलेलं पण परवडतं. रान नुसतं पडूनच राहणार असेल तर मात्र एवढी घाई कशाला.

आणि जे कुणीच धरत नाही ते म्हणजे खत. दाणा विकला तर ताटं आपल्याच जनावरांकडे जातात आणि शेण होऊन बरंचसं रानात परत येतं. मुरघासात बुडापासून शेंड्यापर्यंत सगळं दुसऱ्याच्या गोठ्यात गेलं. ढोबळ हिशोबाने एका टनामागे ४ किलो नत्र, दीड किलो स्फुरद आणि साडेतीन किलो पालाश रानातून जातं, म्हणजे १७ टनात ६० किलो पालाश, तेवढं परत द्यायचं तर म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या दोन गोण्या लागतात. दोन-तीन वर्षं सलग असाच मका दिला आणि रानाला काहीच परत दिलं नाही की पुढचं पीक ते दाखवतं. मला विचाराल तर दरात ताणण्यापेक्षा गोठेवाल्याकडून शेणखताच्या ट्रॉल्या बोलीत घ्या, त्याच्याकडे शेणाचा ढीग पडलेलाच असतो आणि ट्रॉली तसंही रिकामी येणार असते.

बोलीत काय काय सुटतं

दर "बांधावरचा" का "पोहोच", हे आधी बोला. तयार मुरघासाच्या बॅगेचा किलोचा भाव ऐकून तोच उभ्या मक्याला मागणारे भेटतात, पण त्या भावात कापणी, वाहतूक, बॅग, मजुरी आणि मुरताना होणारी घट सगळं आलेलं असतं.

कापणीची उंची ठरवा. टनावर देणाऱ्याला वाटतं बुडख्यातून कापावं म्हणजे वजन भरेल, घेणाऱ्याला बुडखा आणि माती नको असते. वीतभर ठेवून कापायचं म्हटलं की दोघांचं भागतं. प्रत्येक ट्रॉलीचा भरलेला काटा आणि रिकामा काटा करा, पहिल्या ट्रॉलीचं वजन गुणिले ट्रॉल्या हा हिशोब नको, कारण संध्याकाळी घाईत भरलेली ट्रॉली सकाळच्या दाबून भरलेल्या ट्रॉलीएवढी कधीच नसते.

लष्करी अळीसाठी शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली ते लपवू नका, बाटलीच्या लेबलवर दिलेले दिवस होऊ द्या मगच कापा.

कापणीची तारीख लिहून घ्या, साध्या कागदावर दोघांच्या सह्या पुरे. हार्वेस्टर चार गावं फिरून येतो, आठवडा उशीर झाला तर मका वाळतो आणि टनावरच्या सौद्यात वजन तुमचं उतरतं, म्हणून ठरलेल्या दिवसानंतर हिशोब आधी चौकोन आखून काढलेल्या सँपलच्या वजनावर धरायचा असं आधीच बोलून ठेवा. गुंठ्यावर दिला असेल आणि इसारानंतर (आगाऊ रक्कम घेतल्यावर) वाऱ्या-पावसाने मका लोळला तर नुकसान कुणाचं, हे पण त्याच कागदावर. इसार घेतल्यावर बाकीचे पैसे शेवटची ट्रॉली रानाबाहेर निघायच्या आधी, कारण ती एकदा निघाली की "दुधाचं बिल आलं की देतो" चालू होतं.

नेपियरचं रान वर्षाच्या खंडाने देताना

नेपियर म्हणजे वर्षभर पुन्हा पुन्हा कापायचं चाऱ्याचं गवत, इथे मक्याचा टनाचा दर लावूच नका. हिरव्या नेपियरमध्ये सुका भाग २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि साखर पण कमी, त्यामुळे घेणाऱ्याला ते सुकवून, उसाची मळी (मोलॅसिस) वगैरे घालून मुरवावं लागतं, तो मक्याच्या निम्मा दर बोलला तर लगेच चिडू नका, आधी सुक्या भागाचा हिशोब करा. पहिली कापणी लागणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी आणि नंतर दीड-दोन महिन्याला एक, अशा वर्षात सहा-सात होतात, पण एकरकमी खंड घेऊन मोकळं झालं की प्रत्येक कापणीनंतर युरिया कोण टाकणार, पाणी कोण धरणार आणि मोटर जळाली तर कुणाची, हे प्रश्न दुसऱ्याच महिन्यात येतात. त्यापेक्षा दर कापणीला काटा करून पैसे घ्या आणि खतपाणी आपल्या हातात ठेवा. ठोंब जमिनीपासून चार-सहा बोटं राखूनच कापायचे आणि पावसात ट्रॅक्टर आत घालायचा नाही, ट्रॉली बांधावर उभी करून मोळ्या डोक्यावरून काढायच्या, हे बोलीत घालाच, कारण चाकाखाली चेपलेले ठोंब पुन्हा नीट फुटत नाहीत आणि पुढच्या वर्षी तुटाळ्या (मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा) भरायचा खर्च आपल्याच अंगावर येतो.