इअरबड्सला घाबरता आणि फोन उशीखाली चार्जिंगला?

आईला इअरबड्स दिले तर म्हणे नको बाबा, त्या लहरींनी डोक्याला काहीतरी होतं, आणि हे बोलताना तिचा स्वतःचा फोन उशीखाली चार्जिंगला लावलेला, तोही रात्रभर! म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी बॅटरी. फोन, बड्सची डबी, स्मार्टवॉच, पॉवरबँक, सगळीकडे लिथियम-आयनच असते आणि तिचं उष्णतेशी जमत नाही. चार्ज होताना ती थोडी तापतेच, वर उशी नाहीतर गोधडी असली की ती गरमी जाणार कुठे? ४५ डिग्रीच्या वर चार्जिंग नकोच, म्हणजे मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत तर अजिबात नाही. टेबलावर नाहीतर सरळ फरशीवर ठेवा.

फोन टेबलावर डुगडुगायला लागला, मागचं कव्हर कडेने उचललं, की समजा आत गॅस धरून बॅटरी फुगलीय. माझ्या जुन्या फोनचं असंच झालं तेव्हा दुकानदार म्हणाला चालेल अजून दोन महिने. नाही चालत! चार्जिंग बंद, फोन बंद, दाबून बसवायचं नाही आणि टाचणीने गॅस काढायचा तर विचारही नको (असे महाभाग आहेत). कचऱ्यात टाकू नका, ई-वेस्ट घेणाऱ्याकडेच द्या.

पॉवरबँक घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) मार्क आणि आर ने सुरू होणारा नंबर बघा. विमानात ती हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही, आणि विमान कंपनीला न विचारता १०० वॅट-अवरपर्यंतच. हिशोब सोपा, पॉवरबँकवर लिहिलेल्या एमएएचच्या आकड्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे २०,००० वाली ७४ ची झाली.

आता लहरी. आपल्याकडे सप्टेंबर २०१२ पासून फोनला एसएआरची (शरीर या लहरींची किती ऊर्जा शोषतं, त्याचं माप) मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे, *#०७# डायल केलं की बहुतेक फोनवर आकडा दिसतो. ४जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटच्या आसपास ताकद लावतो, बड्स साधारण १० च्या आतच, म्हणजे कानाला फोन लावण्यापेक्षा बड्सच बरे की! आणि रेंज कमी तितका फोन जोर जास्त लावतो, त्यामुळे लिफ्टमध्ये किंवा घाटात कानाला लावून गप्पा नकोत, स्पीकरवर बोला नाहीतर नंतर करा.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरी ‘कदाचित कॅन्सर होऊ शकतो’ वाल्या २बी गटात टाकल्या हे खरं, पण त्याच गटात पूर्व आशियातल्या खारवलेल्या भाज्याही आहेत (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, घाबरू नका).

फक्त घरात कुणाला पेसमेकर असेल तर फोन किंवा बड्सची डबी शर्टाच्या वरच्या खिशात नको, डबीत मॅग्नेट असतात, निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवा आणि डॉक्टरांनाही विचारून घ्या.